झटक्याचा पट्टा घेण्याआधी दहा मीटर कासरा घ्या

"बाई, हे झटका मशीन कुत्र्याच्या गळ्यात कायले बांधून रायली? त्याले का धुरा समजली?"

पोरानं नागपूरहून आणलेला काळा पट्टा पाहून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एवढंच विचारलं आणि तंबाखू मळत बसले. मला हसू आलं. धुरा म्हणजे वावराचा बांध; डुकरांसाठी त्यावरच्या तारेत झटका मशीननं वीज सोडतात. पुढच्या दोन दिवसांत मी नेमकं तेच केलं, कुत्र्याला धुरा समजले.

आमचं साडेसहा एकर वावर वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या खालच्या अंगाला. २०१४ साली बोरचा व्याघ्र प्रकल्प झाला, पण जनावरं त्याच्या आधीपासून आमच्याकडे येतात. जंगलातला शेवटचा साग आणि माझ्या तुरीचं पहिलं तास यांच्यात एक पांदण आहे, बस. रोही, म्हणजे नीलगायी, येतात, डुक्करं येतात, चितळं येतात, आणि त्यांच्या मागं जे यायचं तेही येतं. अशा ठिकाणी कुत्रं बांधून ठेवलं तर त्याचा उपयोग नाही आणि मोकळं सोडलं तर त्याचा भरवसा नाही. आमचा भुऱ्या गावठी आहे, तीन वर्षांचा, कापसाच्या काट्यावर वजन केलं तेव्हा अठरा किलो भरला. राखणीला चोख. पण चितळाचा पांढरा बूड दिसला की त्याला आपलं नावसुद्धा आठवत नाही.

चितळामागं कुत्रं पळालं तर काय बिघडलं, असं पूर्वी मलाही वाटे. एक तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात जनावराला पळवणं आणि हाकणंही धरलेलं आहे, त्यामुळे मालक अडचणीत येतो. दुसरं, कुत्री आणि रानातली जनावरं एकमेकांना रोग देतात, रेबीज आणि डिस्टेंपर हे त्यातले मोठे. आणि तिसरं कारण आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रं जंगलात भुंकत शिरतं तेव्हा एकटं असतं, परत येतं तेव्हा कधी कधी बिबट त्याच्या मागं असतो, आणि ते पळत येतं ते सरळ आपल्या पायाशी. म्हणून हाक मारली की कुत्र्यानं वळावं, हे आमच्याकडे हौसेचं काम नाही.

आता माझी चूक सांगते, कारण हा पट्टा घेणारा जवळजवळ प्रत्येक जण तीच करतो.

दिवाळीनंतरचे दिवस, कापसाचा पहिला वेचा सुरू. पट्टा आदल्या दिवशी आलेला. पांदणीनं बकऱ्या चालल्या होत्या आणि त्यांच्यामागं राखणारी बारा-तेरा वर्षांची पोरगी. भुऱ्या सुटला. मी हाका मारल्या, शिव्या घातल्या, मग रिमोटवर आकडा चाळीसवर नेला आणि बटन दाबलं. तो असा किंचाळला की वेचणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. पऱ्हाटीत लोळला, मग उठून जो पळाला तो थेट गोठ्यात, बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी मनात म्हटलं, चला, काम झालं.

काम झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो त्या पोरीवर दात काढून धावू लागला. तिनं आजवर त्याला कधी ढेकूळही मारलं नव्हतं. पण त्याच्या हिशेबानं तो पोरीकडे आणि बकऱ्यांकडे पाहत असताना गळ्यात आग लागली, म्हणजे आग त्यांनीच लावली. आणि माझ्या कमरेला रिमोट खोचलेला दिसला की तो दहा हात लांबून मला वळसा घाली. पंधरा दिवस त्या पोरीला दुसऱ्या वाटेनं जावं लागलं. तिच्या आईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही, पण तिचं बरोबर होतं.

मामाजी म्हणाले त्यात सगळं आलं होतं. धुऱ्यावरच्या तारेला डुकराचं नाक लागतं आणि ते त्या जागेला भितं. तार त्यासाठीच असते. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा तसा वापरला तर कुत्रंही भितं, पण नेमकं कशाला भिईल ते तुमच्या हातात नसतं. त्या क्षणी जे समोर असेल त्याला. बकरी, पोर, मोटारसायकल, नाहीतर तुम्ही.

हे यंत्र आहे तरी काय, ते आधी समजून घ्या. गळ्यात एक डबी, तिला धातूची दोन बोथट टोकं, ती कातडीला टेकलेली. तुमच्या हातात रिमोट. त्यावर साधारण तीन गोष्टी असतात: बीप, म्हणजे नुसता आवाज; थरथर, मोबाइल सायलेंटवर असताना होते तशी; आणि विजेचा सौम्य झटका, ज्याचा जोर आकड्यांनी कमी-जास्त करता येतो. माझ्या रिमोटवर ० ते १०० आकडे आहेत, दुसऱ्यांचे वेगळे असतात, त्यामुळे कोणाच्या आकड्यावरून आपला ठरवू नका. हा झटका तारेच्या झटक्यासारखा अंगातून जमिनीत जात नाही. त्या दोन टोकांच्या मधल्या कातडीपुरता असतो. मामाजींच्या गुडघ्याला वर्ध्याच्या दवाखान्यात करंटची मशीन लावायचे, मुंग्या आल्यासारखं होई, त्याच जातीचं हे. हलक्या आकड्यावर मुंग्या. मोठ्या आकड्यावर मात्र दुखतं, यात शंका ठेवू नका. मी हातावर लावून पाहिलं आहे. तुम्हीही पाहा, मनगटाच्या आतल्या बाजूला, एकपासून सुरू करून. जो आकडा स्वतःला लावून घ्यायची हिंमत नाही तो कुत्र्याला लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम झाला आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसानं मात्र हा खेळ करू नये.

घेताना पाहायचं ते एवढंच. आकडे सावकाश चढतात का? मला आधी एक स्वस्तातला पट्टा मिळाला होता. त्यात तीनवर काहीच नाही आणि चारवर हात झटकावा लागे. तो परत केला. बटन दाबून धरलं तर यंत्र आपोआप थांबतं का? बहुतेक आठ-दहा सेकंदांनी थांबतात, न थांबणारं घेऊ नका. बीप, थरथर आणि झटका यांची बटनं बोटांनी चाचपून वेगळी कळतात का? अंधारात, घाईत चुकीचं बटन दाबलं जातं. डबीत पाणी शिरू नये हे तर आलंच. आमची कुत्री ओलिताच्या दांडात लोळतात. आणि भुंकलं की आपोआप झटका देणारा पट्टा ही वेगळी चीज आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. राखणीच्या कुत्र्यानं भुंकायचं नाही तर काय करायचं?

कोणत्या कुत्र्याला हा पट्टा लावूच नये तेही आधी सांगते. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू. गाभण किंवा पिल्लांना पाजणारी कुत्री. मानेला खरूज, जखम असलेलं. म्हातारं, आजारी. आणि मुळात भित्रं किंवा चावरं कुत्रं: भित्रं अजून भितं, चावरं अजून चावतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस दरवर्षी टोचायला नेताच, तेव्हा डॉक्टरांना मान आणि छाती तपासून घ्यायला सांगा.

आता कासरा.

पहिले तीन आठवडे पट्टा खुंटीवर. बैलाचा जुना कासरा किंवा दुसरी हलकी दोरी घ्या, दहा मीटर, गाठी नसलेली. ती साध्या पट्ट्याला नाही, छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला बांधली तर बरं, झटक्यानं मान आवळत नाही. मी जुन्या निवारपट्टीचा करून घेतला, चांभारानं साठ रुपये घेतले. हातात मोजे घाला. नायलॉनची दोरी तळहातातून सरकली की काय होतं ते माझ्या उजव्या हाताला विचारा.

मग खूण ठरवा. गावात सगळेच 'यू यू' करतात, शेजारणीनं भाकर टाकतानाही तेच. त्यामुळे 'यू यू' म्हणजे 'कुठंतरी काहीतरी आहे' एवढंच कुत्र्याला कळतं. मी शिट्टी घेतली, शाळेत खेळाच्या तासाला असते तशी, धातूची. वाऱ्यात ऐकू जाते आणि तिच्यात राग येत नाही. माझ्या आवाजात येतो. दोन छोट्या फुंका म्हणजे 'इकडे'. त्या दोन फुंका दुसऱ्या कशासाठीही वाजवायच्या नाहीत, आणि घरातल्या पोरांना शिट्टी द्यायची नाही. हे दुसरं कलम पाळणं सगळ्यात अवघड.

आधी अंगणात. दोन फुंका, लगेच तोंडात उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तो जवळच उभा असला तरी. दिवसातून दोनदा, आठ-दहा वेळा. चार दिवसांत शिट्टी वाजली की तो लाळ गाळत येऊ लागतो. मग कासरा लावून वावरात. तो वास घेत पाच-सहा मीटर गेला की दोन फुंका. नाही वळला तर कासरा हळूच ताणायचा, हिसका नाही, आणि मान वळली की लगेच सैल. आला की खाऊ. बक्षीस भारी हवं. कोरड्या पोळीच्या तुकड्यासाठी कोणतं कुत्रं चितळ सोडेल? अंडं, सुकट, उकडलेली कलेजी, बोटाच्या पेराएवढे तुकडे. मटणाच्या रश्शातलं देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

आणि आल्यावर कधीही रागवायचं नाही. तो पाऊण तासानं आला, अंगाला शेण फासून आला, तरी नाही. हे मामाजींना पटवायला मला तीन आठवड्यांतले दोन लागले. "अन् आल्यावर दोन हाणले नाही तं त्याले समजन कसं?" असं ते म्हणत. त्याला समजतं ते एवढंच की आलं की मार पडतो. मग ते येत नाही.

खरं सांगते, बारा आण्याचं काम इथंच होतं. माझ्या नणंदेच्या कुत्रीला पुढचं काही लागलंच नाही, कासरा आणि अंडं यावरच ती हाकेत आली. तिचं वावर गावाला लागून आहे, तिथं चितळ येत नाही हा भाग वेगळा. तुमचंही इथं भागलं तर पट्ट्याचे पैसे वाचले.

ज्यांचं नाही भागलं त्यांच्यासाठी पुढचं.

तीन आठवडे झाले की पट्टा गळ्यात घालायला सुरुवात करा, पण बंद ठेवून. दहा-बारा दिवस नुसता घालायचा, जेवणाच्या वेळी, वावरात निघताना, आणि घरी आल्यावर काढायचा. हे न करता पहिल्याच दिवशी बटन दाबलं तर कुत्रं पट्ट्याचा हिशेब लावतं: गळ्यात आहे तोवर शहाणं, काढला की पुन्हा उनाड. गाव हसतं मग.

बांधायची जागा मानेच्या वरच्या भागात, कानाखाली, डबी जराशी बाजूला. घशाच्या नळीवर नको. दोन्ही टोकं केसांतून कातडीला टेकली पाहिजेत आणि पट्ट्याखाली एक बोट कसंबसं जावं. ढिला बांधला तर टोकं कधी टेकतात, कधी नाही. मग माणूस आकडा वाढवतो, आणि नेमकं त्याच वेळी टोक टेकतं. अर्ध्या लोकांची कुत्री यामुळेच बिघडतात असं माझं मत आहे. आठ तासांच्या वर पट्टा ठेवायचा नाही, मधे जागा थोडी सरकवायची, रात्री काढायचाच. त्या टोकांच्या सततच्या दाबानं कातडीला जखम होते. लोकांना वाटतं करंटनं भाजलं, पण बहुतेक वेळा ती दाबाची जखम असते. आमच्या पावसात अशा जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. रोज पट्टा काढला की तिथं बोट फिरवून पाहा: लाली, ओल, गोचीड. दिवाळीनंतर गवत वाळतं तेव्हा कुसळं पट्ट्याखाली शिरून कातडीत रुततात; कुत्रं मान खाजवतं आणि आपल्याला वाटतं झटका लागला. टोकं आठवड्यातून दोनदा साबणाच्या पाण्यानं धुवा आणि कोरडी करा.

आकडा कसा शोधायचा? शांत जागा, सकाळची वेळ, कुत्रं उभं आणि मोकळ्या मनाचं. समोर खाणं नको, दुसरं कुत्रं नको. एकपासून सुरू. दाबा, पाहा. काही नाही? दोन. तीन. घाई नको, मधे जरा थांबा. एका आकड्यावर कान फडफडेल, किंवा डोकं असं वळेल जणू मानेवर माशी बसली, किंवा तो खाली वाकून जमिनीचा वास घेईल. तोच तुमचा आकडा. तिथं थांबा. कुईं केलं, शेपूट आत गेली, अंग चोरलं, तर तुम्ही पुढं गेलात; दोन-तीन आकडे खाली या आणि त्या दिवशीचं काम बंद. भुऱ्याचा अंगणातला आकडा सात निघाला. सात! आणि मी त्याला चाळीस दिला होता. तो आकडा पाहून मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

हा आकडा कायमचा नसतो. वावरात वारा, वास, आवाज असतात, तिथं बारा लागले. मान ओली असली की वीज कातडीत सहज जाते, तेव्हा चारवर काम झालं. म्हणून पावसात आणि ओलित चालू असताना आधी आकडा खाली आणायचा, मग घराबाहेर पडायचं.

खरं शिकवणं आता. कुत्र्याला हे कळलं पाहिजे की मानेवर मुंग्या आल्या की बाईकडे वळायचं, वळलं की मुंग्या थांबतात. हे ज्ञान त्याच्या पोटात नसतं, ते कासऱ्यानं द्यावं लागतं. तो सहा मीटरवर आहे. दोन फुंका. लगेच बटन, हलक्या आकड्यावर, आणि त्याच वेळी कासऱ्याला हलका ताण. त्याची मान माझ्याकडे वळली की बोट उचललं, कासरा सैल. चालत येतोय तोवर तोंडानं "शाब्बास रे". पोचला की अंडं. बोट उचलण्याची वेळ चुकली तर सगळं चुकलं. तो माझ्या दिशेनं पाऊल टाकतोय आणि मी अजून दाबून आहे, याचा त्याला लागणारा अर्थ असा की बाईकडे गेलं तरी सुटका नाही. मी सुरुवातीला रिमोट बाजूला ठेवून नुसता अंगठा उचलायचा सराव केला, भाच्याला कुत्रं करून. तो 'वळला' की मी अंगठा उचलायचा. भाच्याला अंडी मिळाली, मला सराव मिळाला.

असं दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी, आठवडाभर. मग क्रम बदला. दोन फुंका, आणि मनात 'एक-दोन' म्हणा. तो वळला तर बटन नाही, फक्त अंडं. नाही वळला तरच बटन. तीन-चार दिवसांत तो त्या 'एक-दोन'मध्येच वळायला लागतो, आणि इथून पुढं बटन दाबायची वेळ रोज कमी होत गेली पाहिजे. वाढत असेल तर मागची पायरी कच्ची राहिली आहे. आकडा वाढवू नका, मागं जा.

मग मोह वाढवत न्यायचा, कासरा अजून लावलेलाच, फक्त जमिनीवर लोळता. आधी कोंबड्या. मग दावणीला बांधलेल्या बकऱ्या, लांबून. मग चालत्या बकऱ्या. त्या पोरीला मी स्वतः जाऊन विचारलं, तिच्या आईला विचारलं, आणि त्या दोघींनी मोठ्या मनानं हो म्हटलं. पहिल्या दिवशी पांदणीच्या या टोकाला आम्ही आणि त्या टोकाला बकऱ्या, भुऱ्याला झटका अजिबात नाही, नुसतं अंडं. बकरी दिसली की अंडं. पोरगी दिसली की अंडं. मी माझ्या हातानं केलेली घाण निस्तरत होते, तिला महिना लागला. बाराव्या-तेराव्या दिवशी पोरीनंच त्याला सुकटीचा तुकडा टाकला.

कासरा काढायचा तो आधी कुंपण असलेल्या जागेत. आमच्याकडे शेजारच्या भाऊंची संत्र्याची बाग आहे, जाळी मारलेली. तिथं आठ दिवस. त्यानंतर उघडं वावर.

वावरात जाण्याआधी टप्पा मोजून घ्या. माझ्या डब्यावर आठशे मीटर लिहिलं आहे. भाच्याच्या हातात पट्टा दिला, बीपवर ठेवला आणि त्याला चालत जायला सांगितलं. हरभऱ्याच्या उघड्या वावरात अडीचशे पावलांपर्यंत बीप वाजली. डोक्याएवढ्या तुरीत एकशे चाळीसवर संपली. नाल्यात उतरला की साठवरच. तेव्हा तूर उभी असताना भुऱ्या शंभर पावलांच्या पुढं जाऊ लागला की मी शिट्टी वाजवते, चितळ असो नसो. न दिसणाऱ्या कुत्र्यावर बटन दाबायचं नाही हा दुसरा नियम. तुरीच्या आत तो काय करतोय, कोणाकडे पाहतोय, साप आहे की माणूस आहे, तुम्हाला काय ठाऊक?

चार्जिंगला माझ्या पट्ट्याला दोन-अडीच तास लागतात, रिमोटलाही. वीज असेल तेव्हा लावून टाका, वावरात निघताना आठवण येते आणि तेव्हा घरात दिवा नसतो. उन्हाळ्यात डबी उन्हात ठेवू नका, बंडीच्या फळीवर तर नकोच. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, बॅटरी फुगते. मे महिन्यात सराव सकाळी सातच्या आत, नाहीतर बंद.

बटन कधी दाबायचं नाही याची यादी खरं तर दाबायच्या यादीपेक्षा लांब आहे. तो माणसावर भुंकतोय तेव्हा नाही. दुसऱ्या कुत्र्याशी जुंपलंय तेव्हा नाही, झटका लागला की तो समोरच्याला अजून जोरात धरतो. खाताना नाही. 'बस', 'थांब' शिकवायला नाही. आणि मला राग आलेला असताना तर नाहीच. राग आला की मी रिमोट मामाजींकडे देते. त्यांना बटनं दिसत नाहीत, ही त्यातली सोय.

कुत्रं कधी जागच्या जागी थिजलं, पट्टा पाहून लपलं, खाणं सोडलं, तर पट्टा काढा आणि कासऱ्यावर परत जा. पंधरा दिवसांनीही तसंच असेल तर पट्टा विकून टाका. सगळ्या कुत्र्यांना हे झेपत नाही, सगळ्या माणसांनाही नाही.

पट्ट्याच्या विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं मी वाचलं आहे. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांचा ६३ कुत्र्यांवरचा अभ्यास २०२० साली छापून आला. त्यांनी तीन गट केले होते: एका गटात पट्टा वापरणारे शिकवणारे, दुसऱ्यात तेच शिकवणारे पण पट्ट्याशिवाय, तिसऱ्यात बक्षिसावर भर देणारे. हाकेला येण्यात बक्षिसाचा गट मागं पडला नाही, काही बाबतींत पुढंच होता. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे. हे सगळं वाचून पोरगा म्हणाला, "मग आई, फेकून दे ना." मी फेकला नाही, पण वापर बदलला. आता माझ्या रिमोटवर रोजच्या कामाला थरथर असते. शिट्टीला तो नाहीच वळला तर आधी ती. झटका फक्त एका कामाला उरला आहे, तो रानातल्या जनावरामागं निघाला आणि पांदण ओलांडायच्या बेतात असला तर, तेही बारा-पंधराच्या आत. गेल्या हरभऱ्याच्या हंगामात अशी वेळ चार वेळा आली. चौथ्या वेळी रोह्यांचा कळप होता, सात-आठ. भुऱ्या धुऱ्यावर थांबला, रोह्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पळत नाही, रमतगमत, उपकार केल्यासारखा परत आला. मी दोन अंडी दिली.

वानरांपुढं मात्र माझं काही चाललेलं नाही. हरभरा घाटीवर आला की ती येतात, कडुनिंबावरून उतरतात, आणि भुऱ्याचं डोकं फिरतं. शिट्टी ऐकत नाही, थरथर कळत नाही. एकदा मी तीसपर्यंत गेले, त्यानं कानही हलवला नाही. तिथं मी बोट उचललं. अजून वर गेले असते तर पुन्हा तोच चाळीस आकडा आला असता आणि पुन्हा ती बंडी. वानराचा हुप्प्या चावला तर कुत्र्याची मांडी फाटते, म्हणून त्या दिवसांत पट्टा खुंटीवर आणि कासरा छातीच्या पट्ट्याला. कासऱ्याचं दुसरं टोक मामाजींनी आपल्या बाजेच्या पायाला बांधलं होतं. वानरं उतरली, भुऱ्यानं झेप घेतली, बाज वीतभर सरकली आणि मामाजींचा चहा धोतरावर. तेव्हापासून कासरा कडुनिंबाला बांधतो.